थायरॉईड, शुगर, पान्हा आणि घाम: हार्मोन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते. बारावीला संप्रेरकांचा धडा सुरू झाला की पुस्तकातले प्रश्न मागे पडतात आणि घरचे पुढे येतात. "मॅडम, मायला थायरॉईड आहे." "आबांची शुगर चारशे आली." पालक भेटायला येतात तेव्हा हातात रिपोर्टची पिशवी असते. वर्षानुवर्षं तेच तेच विचारलं जातं, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण आत काय चाललंय ते समजलं तर डॉक्टरांचं म्हणणं पटतं, आणि पटलेलं औषध माणूस चुकवत नाही.

हार्मोन म्हणजे नेमकं काय?

रक्तातून पाठवलेला निरोप. लाळ, घाम, पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथींना नळी असते, त्यांचा रस ठरलेल्या जागी पडतो. अंतःस्रावी ग्रंथींना नळी नसते. त्यांचा स्राव थेट रक्तात मिसळतो आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतो. मात्र ज्या पेशींवर तो निरोप ओळखणारे ग्राहक असतात, त्याच पेशी त्याप्रमाणे वागतात. बाकीच्यांजवळून तो नुसता निघून जातो.

हे कळलं १९०२ साली. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याकडे जाणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्या तुकड्यात आम्ल सोडलं. नसांमधून निरोप जायला वाटच उरली नव्हती, तरी स्वादुपिंडातून पाचकरस आला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. 'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरला. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात.

या ग्रंथी शरीरात कुठे कुठे असतात?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका. तिच्या वर हायपोथॅलॅमस. मेंदूतच खोलवर पीनियल. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या चार पॅराथायरॉईड, प्रत्येकी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ॲड्रिनल. पोटात स्वादुपिंड. बायकांमध्ये बीजांडकोश, पुरुषांमध्ये वृषण. याशिवाय आतडी, मूत्रपिंड, हृदय, अंगावरची चरबीसुद्धा हार्मोन्स तयार करतात, पण तो धडा वेगळा.

हार्मोन किती तयार व्हावं, हे कोण ठरवतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी गच्चीवर टाकी असते. टाकीत फ्लोटचा चेंडू असतो. पाणी वर चढलं की चेंडू वर येतो आणि आत येणारं पाणी बंद होतं. पातळी उतरली की चेंडू खाली जातो, पाणी पुन्हा सुरू. कोणी बसून राखण करावी लागत नाही. टाकीतलं पाणीच स्वतःची आवक थांबवतं.

बहुतेक ग्रंथी अशाच चालतात. हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी थायरॉईडला सांगते, थायरॉईड आपलं हार्मोन रक्तात सोडते. आणि ते हार्मोन रक्तातून मेंदूपर्यंत पोचलं की वरच्या दोघांना सांगतं, आता पुरे. म्हणून पिट्युटरीला सगळ्या ग्रंथींची मालकीण म्हणणं मला पटत नाही. ती सांगते तेवढीच ऐकतेही. रिपोर्ट वाचताना, गोळी बंद करावीशी वाटताना, हा फ्लोट आठवावा.

टीएसएच वाढलाय, म्हणजे थायरॉईड जास्त झालंय ना?

नाही, बहुतेक वेळा उलट असतं. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाही. ते पिट्युटरीचं आहे. थायरॉईडला 'काम कर' असं सांगणारं. थायरॉईड मंद पडली की रक्तातलं तिचं हार्मोन उतरतं, फ्लोट खाली जातो, आणि पिट्युटरी आणखी जोराने हाका मारते. त्या हाका म्हणजे वाढलेला टीएसएच. मोठ्या माणसात तो साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते आणि गरोदरपणात तर निराळीच, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा बघावी. टीएसएच फार कमी आला तर थायरॉईड जास्त काम करत असण्याची शक्यता असते. तेव्हा छाती धडधडते, हात थरथरतात, भूक असूनही वजन उतरतं. नुसत्या टीएसएचवर निदान पुरं होत नाही, टी-फोरही, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन थायरॉक्सिनही, बघावं लागतं.

रिपोर्ट नॉर्मल आला. आता थायरॉईडची गोळी बंद करू का?

मी केली होती. लॅबमधून रिपोर्ट घेताना तिथल्या एकाने सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे, आता कशाला गोळी?" मला ते खरं वाटलं. जीवशास्त्र शिकवणारीला वाटलं, तर इतरांना वाटणारच.

गोळीतलं थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काहीच जाणवलं नाही, उलट बरं वाटलं की गोळीवाचून चालतंय. दीड-दोन महिन्यांनी आवाज जाड झाला. टाचा चिरल्या. चौथ्या तासाला फळ्यावर हात वर धरवेना. मे महिन्यात सगळं घर कूलरसमोर बसलेलं आणि मी आतल्या खोलीत गोधडी पांघरून, कारण मला थंडी वाजत होती. थायरॉईडचं हार्मोन पेशींची भट्टी चालू ठेवतं. ते कमी पडलं की अमळनेरच्या मे महिन्यातसुद्धा माणूस गारठतो.

रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळे. काही जणांची थायरॉईड तात्पुरती बिघडते, बाळंतपणानंतर असं होऊ शकतं, आणि त्यांची गोळी पुढे सुटते. पण तो निर्णय डॉक्टरांचा. डोस बदलला की टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करून घाबरू नये.

गोळी सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर थायरॉक्सिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही. दिवस राहिले असल्याचं कळताच डॉक्टरांना भेटावं, कारण तेव्हा बहुतेक बायकांचा डोस वाढवावा लागतो.

"मॅडम, मना गयामा गाठ शे, मीठ बंद करू का?"

मीठ बंद करू नका, अक्का. गाठ आधी डॉक्टरांना दाखवा, कारण गळ्यातल्या गाठीची कारणं अनेक आहेत.

मिठाचा संबंध येतो तो आयोडीनमुळे. थायरॉईडच्या टी-फोर हार्मोनमध्ये आयोडीनचे चार अणू असतात, टी-थ्रीमध्ये तीन. आयोडीन मिळालं नाही तर हार्मोन तयार होत नाही, टीएसएच चढतो, आणि त्याच्या सततच्या रेट्याने ग्रंथी फुगते. तोच गलगंड. डोंगरउतारावरच्या जमिनीतलं आयोडीन पावसाने धुऊन जातं, म्हणून हा आजार डोंगराळ भागात जास्त दिसायचा. हिमालयातल्या कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागाला साधं. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड उतरला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या मिठात एक किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर बाईला २५०. सत्तर वर्षांचा हिशेब केला तर चार ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचाही पुरता भरत नाही. पण ते थोडं थोडं रोज लागतं. खडे मीठ आणि उपासाचं सैंधव यांत सहसा आयोडीन घातलेलं नसतं. उपासापुरतं सैंधव ठीक, पण वर्षभराच्या स्वयंपाकाला आयोडीनचं मीठच असावं. बरणीला घट्ट झाकण हवं आणि ती शेगडीपासून लांब ठेवावी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे-आमरस खाल्ल्यावर आत काय होतं?

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं आणि त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, एक चमचा. आता ताटात बघा. खापरावरचा एक मांडा, त्यातलं गुळाचं पुरण, वाटीभर आमरस, आग्रहाची आणखी अर्धी वाटी. पिठातला स्टार्च पचून त्याचीही साखरच होते. शंभर-दीडशे ग्रॅम साखर दोन-तीन तासांत रक्तात यायला निघते, आणि रक्ताला चमच्याच्या आसपासच राहायचं असतं.

पहिला निरोप आतडी देतात. अन्न पोचताच ती स्वादुपिंडाला कळवतात की माल येतोय. स्वादुपिंडात सुमारे दहा लाख छोटी बेटं असतात, १८६९ मध्ये लँगरहॅन्सने पाहिली म्हणून त्यांना त्याचं नाव. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायूंची आणि चरबीची दारं साखरेला उघडून देतं आणि यकृताला सांगतं, साठव. निरोगी माणसात साखर थोडी चढते आणि दोन-तीन तासांत जागेवर येते. पुढे पहाटे किंवा एकादशीला पोट रिकामं राहिलं की त्याच बेटांतल्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात आणि यकृत साठवलेली साखर परत देतं. एक हार्मोन भरणारं, एक काढणारं.

टाइप-टू मधुमेहात दारं कुरकुरायला लागतात. इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. स्वादुपिंड काही वर्षं जास्त इन्सुलिन सोडून निभावून नेतं, मग थकतं. म्हणजे पहिल्यांदा साखर वाढलेली दिसते तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. अनशापोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.५ किंवा त्याहून जास्त, हा मधुमेह. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. अनशापोटी १०० ते १२५ असेल तर ती उंबरठ्यावरची अवस्था. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथून चालणं, वजन आणि ताट यांवर माणूस मागे फिरू शकतो.

मग आखाजीला काय करायचं? जेवणाआधी काकडी, कांदा, भाजी, वरण. मग एक मांडा, पाव वाटी रस. आणि जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालणं. चालणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढून घेतो. आग्रह करणाऱ्यांनी मधुमेह्याला दुसरा मांडा वाढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपास करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर फार उतरणं हे चढण्याइतकंच धोक्याचं, आणि जास्त तातडीचं.

लहान मुलाला शुगर कशी होईल? त्याने गोड खाल्लं तरी किती?

गोडाचा इथे संबंध नाही. टाइप-वन मधुमेहात शरीराची संरक्षण यंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन जवळजवळ संपतं. ते बाहेरून घ्यावंच लागतं, आणि ते प्रथिन असल्यामुळे गिळलं तर पोटात पचून जातं. म्हणून टोचावं लागतं. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी हा आजार म्हणजे मुलाचा मृत्यू ठरलेला असे.

माझ्या अकरावीच्या वर्गात असा एक मुलगा होता. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना कोणीतरी झाडपाल्याचा काढा दिला आणि इन्सुलिन बंद करायला लावलं. सुट्टी संपल्यावर तो वर्गात आला तेव्हा गालफडं बसली होती. बाकावर डोकं ठेवून तो खोल, लांब श्वास घेत होता, आणि जवळ गेले तर श्वासाला सडत आलेल्या फळासारखा वास. हे मी पुस्तकात शिकवलेलं होतं. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. रिक्षा करून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. तो वाचला, आज नोकरी करतो, रोज इन्सुलिन घेतो.

मूल सारखं पाणी मागत असेल, रात्री पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं असेल, खाऊनही वाळत असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. उलट्या आणि असा श्वास सुरू झाला तर तासाभराचाही उशीर नको.

उन्हाळ्यात लघवी इतकी कमी आणि पिवळी का होते?

भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो. मे अखेरीस बागायती कापसाच्या लागवडीला वाकलेला माणूस तासाला लिटरभर घाम गाळू शकतो. पाणी गेलं की रक्त दाट होतं, आणि अवघा एक-दोन टक्क्यांचा फरक हायपोथॅलॅमसला कळतो. तो दोन गोष्टी करतो. तहान लावतो, आणि पिट्युटरीच्या मागच्या भागातून एडीएच हे पाणी राखणारं हार्मोन सोडतो. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं जवळपास सगळं परत घेतलं जातं, आणि शेवटचा हिस्सा किती परत घ्यायचा हे एडीएच ठरवतं. पिवळी लघवी म्हणजे शरीर पाणी वाचवतंय. ती दिवसभर तशीच राहिली तर पाणी कमी पडतंय. दारूने एडीएच दबतं, म्हणून उन्हातून येऊन दारू पिणाऱ्याच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

मिठाची राखण ॲड्रिनलचं अल्डोस्टेरॉन करतं. ऊन अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि त्या काळात ते घामातलं मीठसुद्धा परत ओढायला लागतं. आपला मुरलेला मजूर जे ऊन सोसतो त्यात पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं पहिल्याच दिवशी का आडवी होतात, त्याचं एक कारण हे. पहिले आठ दिवस काम बेताचं करावं.

म्हैस पान्हा का चोरते?

हा प्रश्न मी माझ्या आईला विचारला होता, जीवशास्त्र माहीत नव्हतं तेव्हा. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात आई पारडू सोडायची. ते कासेला दोन-चार ढुशा मारायचं, आणि मिनिटाभरात सड टचटचीत भरायचे. मग पारडू बाजूला बांधून आई बादली घेऊन बसायची. एखाद्या दिवशी अनोळखी पाहुणा गोठ्यात आला की म्हैस मान वळवून बघायची आणि सड कोरडेच. आई पाहुण्याला बाहेर घालवायची.

दूध आधीच कासेत बारीक पिशव्यांमध्ये तयार असतं. पारड्याचं तोंड लागलं की निरोप मेंदूकडे जातो, पिट्युटरी ऑक्सिटोसिन सोडते आणि त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसून दूध खाली ढकलतात. हा असर काही मिनिटंच टिकतो, म्हणून दूध भराभर काढावं लागतं. जनावर भ्यालं तर ॲड्रिनलिन हे सगळं अडवतं. बाळंतिणीतही हेच होतं. दुसऱ्या खोलीत बाळ रडलं तरी पान्हा फुटतो, आणि घरात भांडण असेल तर अडतो. तिला 'दूधच नाही' असं बोलून आणखी घाबरवू नये.

इथे फ्लोट उलटा चालतो, पारडू जितकं ओढेल तितकं ऑक्सिटोसिन येतं. बाळंतपणातल्या कळाही अशाच वाढत जातात आणि बाळ बाहेर आल्यावरच थांबतात. दुभत्या जनावराला रोज ऑक्सिटोसिन टोचण्याची रीत मात्र वाईट आहे. दूध वाढवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन देण्यावर प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने बंदी आहे.

सावद्याला केळी पिकवायला सोडतात तो गॅसही हार्मोनच ना? तो आपल्याला बाधतो का?

हो, इथिलीन हे झाडांचं हार्मोन आहे. केळी पिकताना ते स्वतःच सोडतात, चेंबरमध्ये थोडं बाहेरून देतात एवढंच. आपल्या पेशींवर इथिलीन ओळखणारे ग्राहकच नाहीत, त्यामुळे आपल्या ग्रंथींवर त्याचा परिणाम होत नाही. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर, आणि ती योग्यच आहे.

आठवडाभर रात्रीची लाईट असते, पाणी भरायला जावं लागतं. झोपेचं गणित का बिघडतं?

अंधार पडला की पीनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. पहाटे ॲड्रिनलचं कॉर्टिसॉल चढतं आणि शरीर उठायच्या तयारीला लागतं. हे घड्याळ उजेडावर चालतं आणि एका दिवसात फिरत नाही. रात्र शेतात गेली तर दिवसा खोली पूर्ण अंधारी करून झोपावं, आणि झोपण्याआधी मोबाईल बघू नये.

सांधेदुखीच्या पुडीने आजीला लगेच आराम पडला. चालू ठेवू का?

कागदात बांधलेली, नाव नसलेली पुडी दोन दिवसांत गुडघे मोकळे करत असेल तर तिच्यात स्टेरॉईड असण्याची दाट शंका घ्यावी. स्टेरॉईड म्हणजे कॉर्टिसॉलचा भाऊ. दम्यासारख्या आजारात तेच औषध जीव वाचवतं, पण मोजून आणि देखरेखीखाली. महिनोन्महिने घेतलं तर चेहरा चंद्रासारखा गोल होतो, कातडी पातळ होते, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आणि पुन्हा फ्लोट. बाहेरून भरपूर येतंय म्हटल्यावर पिट्युटरी गप्प होते आणि ॲड्रिनल सुकत जाते. अशा वेळी पुडी एकदम बंद केली तर स्वतःचं कॉर्टिसॉल तयार नसतं. उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, जीवावर बेतणं. म्हणून पुडी घरी बंद करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू उतरवतील.

ऊन एवढं असून व्हिटॅमिन डी कमी कसं?

ते कातडीत तयार होतं, आणि आपण उन्हात असतो तेव्हा स्कार्फ, सनकोट, पूर्ण बाह्या असतात. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. डी कमी पडलं की आतडी कॅल्शियम नीट घेत नाहीत, आणि मग पॅराथायरॉईड रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढते. रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो आणि हाडं झिजतात.

मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नाही. लग्न झालं की होईल का नीट?

लग्न हा उपचार नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती थोडी पुढे-मागे होते. त्यानंतरही तसंच राहिलं, चेहऱ्यावर दाट केस, मुरुमं आणि वजन वाढणं सोबत असेल तर पीसीओएस हा बीजांडकोशाचा विकार असू शकतो. त्यात इन्सुलिन जास्त असणं बऱ्याचदा मुळाशी असतं, ते बीजांडकोशाला जास्त पुरुषी हार्मोन तयार करायला लावतं. सोनोग्राफीत दिसतात त्या 'गाठी' म्हणजे न पिकलेल्या बीजांच्या पुटिका, त्यांना घाबरू नये. थायरॉईडही तपासावी. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही, किंवा आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली, तर वाट बघू नये.

बाळाच्या टाचेतून रक्त घेतात ते कशासाठी? नाही म्हटलं तर चालेल?

नाही म्हणू नका. काही बाळं जन्मतःच थायरॉईड नसलेली किंवा अपुरी घेऊन येतात. पहिल्या दिवसांत बाळ चांगलं दिसतं, फार तर थोडं झोपाळू, कावीळ लांबलेली, बेंबी पुढे आलेली. पण मेंदूची वाढ थायरॉईडच्या हार्मोनवर अवलंबून असते, आणि त्या काळात झालेलं नुकसान पुढे भरून निघत नाही. जन्मताच टीएसएच सगळ्याच बाळांत एकदम चढतो, म्हणून तपासणी साधारण दोन-तीन दिवसांनी करतात. त्याआधी घरी सोडत असतील तर कधी परत आणायचं ते विचारून घ्या. निदान झालं तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू व्हायला हवी: रोज एक छोटी गोळी कुस्करून, चमचाभर आईच्या दुधात, बाळाच्या जिभेवर.